‘दृश्यम २’ने तुमचीही निराशा केली का?

आडवाट

(दोन्ही भाग पाहिलेले नसतील तर येथेच थांबावे, पुढे सगळे उघड केले आहे.)

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘दृश्यम २’ लागला, तेव्हा आम्ही पहिल्याच आठवड्यात सहकुटुंब गेलो होतो. चित्रपटगृह भरलेले होते, शेवटी टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांमध्ये मी एकटाच हात बांधून बसलो होतो. नुकताच तो घरी पुन्हा पाहिला आणि मत बदलले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

निशिकांत कामत यांचा २०१५ मधला पहिला भाग मला आवडण्याचे कारण असे, की त्यात प्रेक्षकापासून जवळजवळ काहीच लपवलेले नव्हते. खून कोणाच्या हातून झाला, का झाला, पिवळी गाडी कुठे बुडवली, हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडते. बसची तिकिटे, हॉटेलचे बिल, चित्रपटाची तिकिटे आणि ती पावभाजी, इतक्या किरकोळ वस्तूंच्या आधारे नायक विजय साळगावकर चार अनोळखी माणसांच्या आठवणीतील तारीख एका दिवसाने मागे सरकवतो, आणि ती सरकताना आपण पाहत असतो. प्रेत कुठे आहे एवढेच आपल्याला माहीत नसते; पण ज्या पोलीस ठाण्याखाली ते पुरलेले असते, त्याचे बांधकामही संपूर्ण चित्रपटभर आपल्या समोरच चाललेले असते. हा खरा रहस्यपट. उत्तर समोर ठेवलेले असते, आपलीच नजर कमी पडते.

दुसऱ्या भागात मात्र ठाण्याखालून सांगाडा निघतो, विजय गुन्हा कबूल करतो आणि डीएनए जुळत नाही. का जुळत नाही? तर विजयने दुसऱ्याच कुणाच्या अस्थी मिळवून जपून ठेवल्या होत्या आणि तपासणीआधी, रखवालदाराशी जमवलेल्या ओळखीच्या जोरावर, त्या बदलल्या. चित्रपटातील हे सर्वांत मोठे कृत्य, आणि त्याचा उलगडा आपल्याला होतो तो मुराद अली या पटकथालेखकाच्या तोंडून, पोलीस ठाण्यात बसून कथा सांगावी तसा. ज्या मालिकेचे नावच ‘दृश्य’ या शब्दावरून आहे, तिचा कळस ऐकीव असावा, याला काय म्हणावे?

सांजवारा

आपली तक्रार मला एकांगी वाटते. पहिल्या भागातील युक्ती पुन्हा वापरली असती, तर ‘तेच ते’ म्हणून आपणच नाके मुरडली असती. शिवाय खुणा पेरलेल्याच नाहीत असे म्हणता येणार नाही. विजयला चित्रपट काढायचा आहे, तो पटकथालेखकाकडे फेऱ्या मारतो, कथेच्या शेवटावर त्यांची चर्चा चालते, हे सगळे आधी येते. आपण ते चौथी नापास केबलवाल्याचा हौशीपणा म्हणून सोडून देतो आणि तोच आपल्या अंगावर उलटतो. जेनी आणि शिव हे शेजारी प्रत्यक्षात पोलीसच आहेत हेही मध्यावर कळते, तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीतील बाईंनी अक्षरशः ‘अगं बाई’ म्हणून तोंडावर हात ठेवला होता.

दुसरे असे, की हा चित्रपट प्रेताविषयी नाहीच. सात वर्षे एका घराने दाराची कडी वाजली तरी दचकायचे, हा त्याचा विषय आहे. मोठ्या मुलीला येणारे झटके पाहताना मला पहिल्या भागापेक्षा अधिक भीती वाटली.

काळा डगला

मी व्यवसायाने वकील आहे, त्यामुळे माझी निराशा जरा वेगळ्या जातीची आहे.

विजयचा कबुलीजबाब हा त्याच्याच, पुस्तकरूपात आलेल्या कथेतून उचललेला आहे, असा बचाव न्यायालयात मांडला जातो आणि टाळ्या तिथेच पडतात. परंतु पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. चित्रपट आला तेव्हा लागू असलेल्या भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ चे कलम २५ हेच सांगत होते. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालत असे. पण येथे सांगाडा डेव्हिड या साक्षीदाराने पाहिलेल्या गोष्टीवरून निघतो, विजयच्या सांगण्यावरून नव्हे. म्हणजे ज्या कबुलीचा फुगा फोडण्यासाठी बिचाऱ्याने इतकी वर्षे पटकथा रचली, ती कोणत्याही कनिष्ठ वकिलाने पाच मिनिटांत बाजूला काढली असती.

उरली अस्थींची अदलाबदल. जप्त केलेला मुद्देमाल पंचांसमक्ष बांधला जातो, त्यावर लाखेचे सील बसते, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागते आणि सील शाबूत होते की नाही हे प्रयोगशाळा आपल्या अहवालात नोंदवते. त्या सीलचे काय झाले, याविषयी चित्रपटात एक ओळही नाही.

सांजवारा

वकीलसाहेब, आपले कायद्याचे म्हणणे मान्य आहे, पण कायदा काटेकोर पाळला तर पहिला भागही उभा राहत नाही. संशयित कुटुंबातील लहान मुलीला पोलीस मारहाण करतात, गायतोंडे हा पोलीस तर उघड सूड उगवतो, तेव्हा आपल्याला कलमे आठवली नाहीत. तेव्हा आपण रंगलो होतो, एवढाच फरक.

काळा डगला

नेमके हेच म्हणायचे आहे! गायतोंडे कायदा मोडतो हे चित्रपटाला ठाऊक आहे. त्याचा अन्याय हा कथेचा भाग आहे. दुसऱ्या भागात मात्र नायकाचे चातुर्यच कायद्याच्या चुकीच्या समजुतीवर उभे आहे. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालता येणार नाहीत.

दोन तिकिटे

मी २०२१ मध्ये मूळ मल्याळम ‘दृश्यम २’ घरी पाहिला होता. तेथेही कोडे तेच आहे, पण नायक मोहनलाल यांचा संथपणा त्या अविश्वसनीय गोष्टी पचवून नेतो. हिंदीत पार्श्वसंगीत आपल्याला दर पाच मिनिटांनी कोपराने ढोसते. अक्षय खन्ना यांचे काम मला आवडले, मात्र मृत मुलाची आई झालेल्या तब्बूच्या वाट्याला या वेळी फारच थोडे आले. पहिल्या भागातील आई आणि पोलीस अधिकारी यांची तिच्या चेहऱ्यावरची ओढाताण येथे शोधूनही सापडत नाही.

आडवाट

सांजवारा, कुटुंबाच्या भीतीविषयीचा आपला मुद्दा मी लिहिताना विसरलो होतो. पूर्वार्ध त्यावरच तरतो, हे कबूल. पटकथालेखकाकडच्या फेऱ्यांची खूणही मान्य. पण त्या खुणेवरून कथेचे पुस्तक झाले असावे इतकाच तर्क करता येतो. अस्थी बदलल्या, येथपर्यंत कोणीही पोहोचू शकत नाही. पहिल्या भागात उलगडा झाल्यावर मी ते बांधकामाचे प्रसंग पुन्हा लावून पाहिले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दुसरा भाग पुन्हा पाहताना मी तसाच एखादा प्रसंग शोधत होतो, पण ज्यासाठी कपाळावर हात मारावा असे मला काही सापडले नाही. कोणाला सापडले असेल, तर प्रसंग नेमका सांगावा. मी तिसऱ्यांदा पाहायला तयार आहे.