शब्दचर्चा : लूपमधले 'ब्रेक' आणि 'कंटिन्यू'

प्रश्न : सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची मराठीत टिपणं काढतोय. लूपमधल्या (तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणाऱ्या कोडमधल्या) 'ब्रेक'ला 'थांब' आणि 'कंटिन्यू'ला 'चालू ठेव' चालेल का? शिवाय आतल्या लूपमधून थेट बाहेरच्याही बाहेर पडायला भाषेत नवी सोय सुचवायची, तर ती कशी लिहावी?

उत्तर : 'चालू ठेव' नकोच, सर. कंटिन्यू म्हणजे या फेरीचं उरलेलं काम सोडून पुढची फेरी धरणं. 'चालू ठेव' वाचून पोरं खालच्या ओळीही चालणार असं धरतात. पर्ल भाषेतला 'नेक्स्ट' चोख आहे, मराठीत 'पुढची फेरी' म्हणा. 'व्हाइल' लूपमध्ये फेऱ्यांची मोजणी वाढवणारी ओळ तळाशी असेल आणि तिच्या आधी कंटिन्यू आला, तर आकडा हलतच नाही आणि लूप अडकतो. सी भाषेच्या 'फॉर' लूपमध्ये वाढ कंसातच असते, म्हणून तिथे हे होत नाही.

'थांब'ही फसवं. 'बाहेर पड' म्हणा, आणि लगेच सांगा कुठून : सर्वांत आतल्या लूपमधून. यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला की तेवढा एक माग थांबतो, शेडमधले बाकीचे खडखडत राहतात, तसंच. समजा एका तक्त्यात आकडा शोधताय : बाहेरचा लूप ओळींवर, आतला रकान्यांवर. 3 ओळी, 4 रकाने. हवा तो आकडा पहिल्या ओळीत दुसऱ्या रकान्यात, आणि पुन्हा कुठेच नाही. साध्या ब्रेकने 2 तपासण्यांनंतर आतला लूप सुटतो, पण पुढच्या दोन्ही ओळी पूर्ण तपासल्या जातात. एकूण 10 तपासण्या.

दुसरं उत्तर : पीएचपी भाषेसारखं 'ब्रेक 2', म्हणजे एकदम दोन लूपमधून बाहेर, करता येईल की.

उत्तर : आकडा नको हो. उद्या कुणी मध्ये एक लूप घातला की तोच 2 भलतीकडे नेतो, आणि चूक दाखवणारं कुणी नाही. पीएचपीत तर 'स्विच' (अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना, लूप नव्हे) सुद्धा त्या मोजणीत धरला जातो. लूपला नाव द्यावं, जावा, गो, रस्ट देतात तसं : 'ओळी' नाव ठेवा, आत 'ब्रेक ओळी' लिहा. नाव चुकलं तर कंपायलर (कोड यंत्रासाठी भाषांतरित करणारा प्रोग्रॅम) तिथेच अडवतो.

प्रश्न : मग पायथनमध्ये का नाही?

उत्तर : 2007 मध्ये पेप 3136 नावाने (पेप म्हणजे पायथनमध्ये बदल सुचवणारा लेखी प्रस्ताव) हेच सुचवलं गेलं होतं. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी तो नाकारला : इतकी गरज क्वचितच पडते, आणि सोय दिली तर गैरवापरच जास्त होईल. पहिलं कारण मला पटतं, दुसरं नाही. नवा प्रस्ताव लिहायचाच, तर 'लूप एका फंक्शनमध्ये ठेवा आणि रिटर्न करून सगळ्यांतून एकदम बाहेर पडा' या उत्तराने जिथे भागत नाही असा खरा कोड आधी दाखवावा लागेल. वरचं 3 गुणिले 4 त्याला पुरणार नाही, कारण तिथे रिटर्नने सरळ काम होतं.