एक्झिम सोर्सवरून बांधलं, मेलडिर चालू केलं, तरी 'ऑप्शन अननोन' म्हणायलंय

परभणीचा_लॅबवाला
नमस्कार मंडळी. परभणीत एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब माझ्याकडं आहे. पोरांसाठी आतल्या आत चालणारा मेल सर्व्हर उभा करायलोय, डेबियन लिनक्सवर, एक्झिम हा मेल पोचवणारा प्रोग्राम घेऊन. तयार पॅकेज मुद्दाम नाही टाकलं, सोर्स कोडवरून स्वतः बांधलं, पॅकेज टाकलं की सगळं झाकलेलंच राहतं आणि मला पोरांना दाखवायचंय की मेल पोचवणारा प्रोग्राम आतून कसा असतो, काय घेतलं की काय मिळतं. आधी एमबॉक्सवर चालू होतं, म्हणजे एका माणसाचं सगळं मेल एकाच फाईलमध्ये, पण इकडं उन्हाळ्यात लाईटचा काही भरवसा नाही आणि यूपीएसची बॅटरी गेलेली, एकदा मेल लिहिता लिहिताच मशीन बंद पडलं आणि एका पोराच्या फाईलच्या शेवटी अर्धंच मेल राहिलं. म्हणून मेलडिरवर जायचंय, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाईल. सपोर्ट_मेलडिर=येस ह्या ओळीपुढचं हॅश (# ही खूण, ती असली की ओळ बंद) काढलं, मेक केलं म्हणजे प्रोग्राम बांधला, मेक इन्स्टॉल केलं, कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये मेलडिर_फॉरमॅट लिहिलं, तर सुरू होतानाच ऑप्शन अननोन म्हणून थांबायलंय. तीनदा मेक करून झालं, स्पेलिंग तर दहादा बघितलं. दोन दिवस ह्यातच गेले.

लातूरकर_टर्मिनल
दादा स्पेलिंगचा प्रश्न नाही, तुमच्या बायनरीत, म्हणजे बांधून तयार झालेल्या प्रोग्राममध्ये, मेलडिर आलेलंच नाही. एक्झिममध्ये बऱ्याच गोष्टी कंपाईल करतानाच आत घ्याव्या लागतात, नाही घेतल्या तर कॉन्फिग वाचताना त्याला तो शब्दच ओळखू येत नाही, मग अननोन म्हणणारच.

हे दोन सांगा. हॅश नेमकं कोणत्या फाईलमधलं काढलं? आणि एक्झिमला -बीव्ही देऊन काय येतं, व्ही कॅपिटल. त्यात ट्रान्सपोर्ट्सची (मेल नेऊन पोचवणारे भाग) एक ओळ असते, तिथं नुसतं अपेंडफाईल (फाईलमध्ये मेल लिहिणारा भाग) दिसतंय का अपेंडफाईल/मेलडिर? पहिल्याच ओळीत व्हर्जनपुढं बिल्ड नंबर आणि कधी बांधलं ती तारीख पण असते, ती आजची आहे का बघा, नाहीतर जुनीच बायनरी चालत असेल.

परभणीचा_लॅबवाला
नुसतं अपेंडफाईल. तारीख परवाची आहे, नंबर १. हॅश एसआरसी फोल्डरमधल्या एडिटमी फाईलमधलं काढलं. पहिल्या दिवशी तीच कॉपी करून लोकल/मेकफाईल बनवली होती, मग नंतर मेलडिरचं आठवलं तसं एडिटमी परत उघडून बदललं.

लातूरकर_टर्मिनल
सापडलं की मग. एडिटमी हा फक्त नमुना आहे, बांधताना त्याला कोणी विचारत नाही. एकदा कॉपी केली की पुढचे सगळे बदल लोकल/मेकफाईलमध्येच करायचे. ओएस फोल्डरमधल्या डिफॉल्ट मेकफाईली आणि तुमची लोकलची, ह्या एकापुढं एक जोडून बिल्ड फोल्डरमध्ये खरी मेकफाईल तयार होते, आणि मागून आलेली ओळ आधीच्या ओळीवर चढते, म्हणून तुमचं म्हणणं शेवटी टिकतं. त्या तयार झालेल्या मेकफाईलला पण हात लावू नका, लोकलमध्ये काही बदललं की ती नव्यानं लिहिली जाते अन् तुमचं सगळं पुसून जातं. माझी एक अख्खी रात्र त्यात गेलीय म्हणून कळकळीनं सांगायलोय.

मेक इन्स्टॉल करायच्या आधी इन्स्टॉल_आर्ग=-एन देऊन चालवा, काय काय कुठं जाणार हे नुसतं दाखवतं, करत काही नाही. आणि इन्स्टॉल करताना बायनरीच्या नावात व्हर्जन अन् बिल्ड नंबर लागतो, एक्झिम हे नाव म्हणजे त्याच्याकडं जाणारी लिंक. म्हणजे नवीन बिघडली तर लिंक जुनीकडं वळवा, झालं.

नांदेड_गोदाकाठ
सर, परत बांधतायच तर बाकीचं पण आत्ताच बघून घ्या, नाहीतर दर वेळी एक गोष्ट आठवेल आणि दर वेळी मेक. एक्झिम_युजर साठी वेगळा युजर केलाय ना? रूट चालत नाही, आणि नाव लिहिलं असेल तर तो युजर बांधायच्या आधी मशीनवर असावा लागतो. पोरं लॉगिन करून मेल पाठवणार असतील तर ऑथ_प्लेनटेक्स्ट चं हॅश काढा, तेही मुळात बंदच असतं. टीएलएस (मेल जाता-येता कोणी वाचू नये म्हणून) साठी ४.९३ पासून ओपनएसएसएल का ग्नूटीएलएस, कोणती लायब्ररी घ्यायची, हे आपणच सांगावं लागतं. सर्व्हरवर स्क्रीन-बिक्रीन नसेल तर एक्झिम_मॉनिटर च्या ओळीला हॅश लावा, नाहीतर ते एक्स ११ च्या, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या, लायब्रऱ्या मागत बसतं.

आणि मेलडिरचा निर्णय एकदम बरोबर आहे तुमचा. मेल आधी टीएमपी फोल्डरमध्ये पूर्ण लिहिलं जातं आणि मगच न्यू मध्ये सरकतं, मधेच लाईट गेली तर अर्धवट तुकडा टीएमपी मध्येच पडून राहतो, पोराच्या इनबॉक्समध्ये येत नाही. एका मेलची एक फाईल, त्यामुळं एमबॉक्ससारखं लॉक लावत बसायची पण गरज नाही. हे पोरांना फोल्डर उघडून दाखवा सर, पटकन कळतं त्यांना.

परभणीचा_लॅबवाला
ताई, दादा, लई उपकार. लोकल/मेकफाईलमध्ये बदललं, मेक क्लीन करून परत बांधलं, आता बिल्ड नंबर २ आणि ट्रान्सपोर्ट्समध्ये अपेंडफाईल/मेलडिर दिसायलंय!! ऑथ आणि टीएलएस पण त्यातच घेतलं. पण मेल अजून जाईना, लॉगमध्ये टेंटेड, नॉट परमिटेड असं येतंय आणि पुढं होम फोल्डरचा पाथ. कॉन्फिग जुन्या मशीनवरून उचललंय, तिथं चालत होतं.

नांदेड_गोदाकाठ
हे बिल्डचं नाही सर, कॉन्फिगचं आहे. ४.९४ पासून बाहेरून आलेला, म्हणजेच टेंटेड, मजकूर सरळ फाईलच्या पाथमध्ये वापरू देत नाहीत, आणि लोकल_पार्ट म्हणजे पत्त्यातलं ॲटच्या आधीचं नाव, ते तर पाठवणाऱ्यानंच लिहिलेलं असतं, तो काहीही लिहू शकतो. तुमच्या राउटरमध्ये (पत्ता बघून मेल कुठं द्यायचं हे ठरवणारा कॉन्फिगचा भाग) चेक_लोकल_युजर असेलच, मग ट्रान्सपोर्टच्या डिरेक्टरी ओळीत डॉलर लोकल_पार्ट च्या जागी डॉलर लोकल_पार्ट_डेटा लिहा, ते मशीनवरच्या युजरांच्या यादीत तपासून आलेलं नाव असतं. नाहीतर सरळ डॉलर होम आणि पुढं मेलडिर. मी होमच वापरते, छोटं पडतं.

परभणीचा_लॅबवाला
होमनं झालं. आत्ता स्वतःलाच मेल टाकलं आणि न्यू फोल्डरमध्ये फाईल आली. लॅबमधली दोन पोरं बाजूलाच बसून बघायली होती, त्यांनी लगेच एकमेकांना टाकलं. एकच राहिलं, पीएचपीवरून मेल पाठवलं तर जाईना, सेंडमेल सापडत नाही म्हणतंय.

लातूरकर_टर्मिनल
पीएचपी मेल पाठवायला सेंडमेल नावाचा प्रोग्राम शोधतं, त्या नावाची लिंक मेक इन्स्टॉल करत नाही, हातानं करायची. यूएसआर/एसबिन मध्ये सेंडमेल नावाची लिंक करून ती तुमच्या एक्झिमकडं वळवा. आधी तिथं दुसऱ्या कशाची असेल तर तिचं नाव बदलून ठेवा, उडवू नका.