‘आतंक’, ‘काळजी’ आणि अनर्थकल्पना

प्रश्न : माझ्या भाच्याला स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे जड जाणे आणि अतिचंचलता) या दोन्हींचे निदान झाले आहे. बेळगावातील एका दवाखान्यात कन्नड पत्रकावर त्याच्या अस्वस्थतेसाठी ‘आतंक’ हा शब्द वाचून माझी आई दचकली. खानापूरची बस दहा मिनिटे उशिरा आली, तरी त्याचे मन थेट अपघातापर्यंत जाऊन पोहोचते. या विचारसाखळीला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : आईंचे दचकणे स्वाभाविक आहे. संस्कृतात ‘आतंक’ म्हणजे व्याधी, पीडा, भय. कन्नडने त्यातून धाकधुकीचा अर्थ जपला, तर आपल्याला हिंदी बातम्यांमुळे त्यात बंदुकाच दिसतात. उलट आपली ‘काळजी’ कन्नडमध्ये नांदते ती मुख्यतः आस्था, कळकळ या अर्थाने, म्हणजे ‘काळजी घेणे’ तिकडे गेले आणि ‘काळजी करणे’ बहुधा आपल्याकडेच राहिले.

आजाराचे नाव म्हणून ‘चिंता’ पुरते, साखळीसाठी पुरत नाही. तिला इंग्रजीत ‘कॅटॅस्ट्रॉफायझिंग’ म्हणतात. मानसोपचारात हा शब्द अल्बर्ट एलिस आणि एरन बेक या अमेरिकी मानसोपचारकांमुळे रुळला. त्याचे ग्रीक मूळ नाटकाच्या अखेरीस होणाऱ्या उलथापालथीशी निगडित आहे, आणि तुमचा भाचाही मधले अंक वगळून शेवटच्याच अंकावर जातो. म्हणून मी ‘अनर्थकल्पना’ सुचवेन. ‘राईचा पर्वत’ नको, कारण त्यात मुद्दाम वाढवून सांगितल्याचा ठपका आहे. ‘अतिविचार’ही नेमका नाही, येथे विचार फार असतात असे नव्हे, ते एकाच उतारावरून धावतात. पुष्कळ स्वमग्न व्यक्तींना अनिश्चितता सहन करणेच जड जाते, तर एडीएचडी असलेल्याने विसरल्याबद्दल आणि उशिराबद्दल लहानपणापासून इतकी बोलणी खाल्लेली असतात की ‘आता पुन्हा काहीतरी बिघडणार’ ही भीती त्याला अनुभवानेच शिकवलेली असते. (अमेरिकी निदानसंहितेने ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीस देण्याची मुभा 2013 मध्ये दिली, त्यामुळे दोहोंना मिळून मराठी शब्द अद्याप रुळलेला नाही, यात नवल नाही.) ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण मात्र कोणालाही दोष न देता हे सारे सांगते.

प्रश्नकर्ता : ‘अनर्थकल्पना’ कागदावर शोभेल, परंतु भाच्यासमोर तो शब्द उच्चारणे मला जमणार नाही. आई त्याला एवढेच विचारते, ‘नको नको ते मनात येतंय काय रे?’ त्यावर तो मान हलवतो.