फोम कटर: पंखाचा रूट आखूड येतो, टिप मात्र लांब. नक्की बिघडलंय कुठे?

हरिपूरकर_पंख

नमस्कार मंडळी. मी हरिपूरचा, सांगलीजवळ. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मॉडेल विमानांचे थर्माकोलचे पंख कापायला घरीच चार अक्षांचा हॉट वायर कटर (तापलेल्या तारेने कापणारं मशीन) बांधलाय. मशीन चालतं, कापतं, पण माप काही येत नाही.

दोन टॉवर, मधे ९०० मिमी. आडव्या चालीला ड्रॉवरची टेलिस्कोपिक चॅनेल, उभ्या चालीला ८ मिमीचे रॉड. चारही अक्षांना नेमा १७ मोटर आणि टी-८ लीड स्क्रू, एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा. एक-सोळांश मायक्रोस्टेपिंग, म्हणजे फेऱ्याला ३२०० स्टेप, भागिले ८, मिलिमीटरला ४०० स्टेप. स्टीलची पट्टी लावून तपासलंय, १०० सांगितलं की दोन्ही टॉवर १००च जातात. कंट्रोलरला अर्डुइनो मेगा आणि रॅम्प्स बोर्ड, त्यावर मोटर चालवणाऱ्या ग्रबल सॉफ्टवेअरचं चार अक्षांचं व्हर्जन. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या चाली, जेडिकट या प्रोग्रॅममधून. तार ०.४ मिमी नायक्रोम, दोन्हीकडे स्क्रूने आवळलेली. तारेला करंट जुन्या बॅटरी चार्जरच्या ट्रान्सफॉर्मरमधून, त्याच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर.

पंख क्लार्क वाय छेदाचा, रूट (विमानाच्या धडाकडची रुंदी) २४०, टिप (टोकाकडची रुंदी) १६०, एका बाजूची लांबी ६००. ठोकळा बरोबर मधोमध, दोन्हीकडे १५० मोकळं.

कापून मोजलं तर रूट २२५.५ आणि टिप १७२! एकाच कापात एक बाजू कमी, दुसरी जास्त. रेग्युलेटर फिरवून पाहिला, एखाद्या मिलिमीटरचाच फरक पडतो. शिवाय टिपकडची ट्रेलिंग एज (मागची कड) कागदासारखी पातळ निघते आणि मधेमधे भोकं पडतात. दुपारी चांगलं कापलेलं सेटिंग संध्याकाळी चालत नाही, ते वेगळंच.

मित्र म्हणतो बॅकलॅश (नट-स्क्रूमधली ढिलाई) आहे, लीड स्क्रूचे नट बदल. चार नटांचे पैसे घालायच्या आधी विचारतोय.

मिरज_तारवाला

नट बदलू नको, तार बदल. नायक्रोम गरम झाली की ढिली पडते. आमच्याकडे मिरजेत सतारीच्या पोलादी तारा सहज मिळतात. ०.३ ची घे, मस्त ताण धरते. पितळी किंवा ब्राँझची मात्र घेऊ नको, तिला रेझिस्टन्सच नसतो म्हटलं तरी चालेल, तापायच्या आधी सप्लायच बसेल.

पॅटर्नकाका

बाळा, रेग्युलेटरला हात लावू नकोस. वही घे.

तुझं मशीन अगदी सांगितलं तेच करतंय. जेडिकटला तू रूट आणि टिप सांगितलेस, पण ठोकळा टॉवरपासून किती आत आहे ते सांगितलेलं दिसत नाही. तिथे शून्य असणार. मग एक टॉवर २४० चालला, दुसरा १६०. ९०० मिमीत ८० चा फरक, म्हणजे १५० मिमीला १३.३. रूटच्या तोंडाशी तार २२६.७ सरकली आणि टिपच्या तोंडाशी १७३.३. आता तुझी मापं बघ. उरलेला सव्वा मिलिमीटर तारेने खाल्लाय. बॅकलॅश एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असं इतकं जमवून करत नाही रे.

तेव्हा टॉवरमधलं अंतर ९००, ठोकळा ६००, रूटकडे मोकळं १५०, हे तिन्ही आकडे भर. मग टॉवर आपोआप २६० आणि १४० चालतील आणि फोमवर २४०-१६० उतरेल. नटांचे पैसे वाचले.

आता टिपची कड. तार एकच, करंट एकच, पण रूटला २४० कापायच्या वेळात टिपला १६० कापायचे. म्हणजे टिपकडे ती दोन तृतीयांश वेगाने जाते. जिथे रेंगाळली तिथे जास्त खाल्लं. माझी सगळी नोकरी कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने करण्यात गेली. बीड ओतलं की थंड होताना मीटरला दहाएक मिलिमीटर आटतं, म्हणून पॅटर्नवाल्याची फुटपट्टीच तेवढी वाढीव असते. कुणी त्याला बिडाचा दोष म्हणत नाही, आधीच धरून चालतात. कर्फचंही, म्हणजे तार जेवढ्या रुंदीचा फोम खाते त्याचंही, तसंच. फक्त तो आपल्या तारेचा, आपल्या फोमचा आणि आपल्या वेगाचा आपणच मोजायचा.

कसा मोजायचा? दोन्ही टॉवर बरोबरीने चालवून सरळ पट्ट्या काप. तारेच्या एका चालीपासून दुसरी चाल बरोबर २० मिमीवर. करंट तोच ठेवून तीन-चार वेगवेगळ्या वेगांना काप आणि पट्टीची जाडी व्हर्नियरने घे. जबडा नुसता टेकवायचा, दाबलास तर थर्माकोल दबतं आणि आकडा खोटा येतो. २० मधून जाडी वजा केली की कर्फ. माझ्या मशीनवर मिनिटाला ३०० मिमीला ०.९ येतो, २०० ला १.३ च्या आसपास. हे माझे आकडे झाले, तू तुझे काढ. मग रूटला त्याच्या वेगाचा आणि टिपला तिच्या वेगाचा कर्फ भरायचा. प्रोफाइलच्या बाहेर निम्मा सरकतो, पुरा नाही. तो पुरा सरकवून पंख जाड झाला म्हणून बोंबलणारे मी पाहिलेत.

यात एक चकवा आहे. चार अक्षांचं ग्रबल फीड (वेग) धरताना चारही अक्षांची मिळून चाल धरतं. दोन्ही टॉवर सरळ बरोबरीने जाताना एफ ३०० दिलास तर तार ३०० ने जात नाही, ३०० भागिले १.४१, म्हणजे २१२ ने जाते. म्हणून स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबू नकोस. मोबाइलचं स्टॉपवॉच लाव, २०० मिमीला किती सेकंद लागले ते बघ आणि वहीत तोच वेग लिही.

दुपार-संध्याकाळचं कोडं सोपं आहे. हरिपुरात नदीकाठच्या मोटारी सुरू झाल्या की तुमचे दिवे मंद होतात ना? व्होल्टेज दहा टक्के पडलं की तारेची उष्णता एकोणीस टक्के पडते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गात जाते. तुझा ट्रान्सफॉर्मर हे सगळं इमानदारीने तारेपर्यंत पोचवतो. २४ व्होल्टचा एसएमपीएस (लाइन कमी-जास्त झाली तरी व्होल्टेज स्थिर देणारा सप्लाय) घे आणि पुढे व्होल्टेज हवं तेवढं उतरवणारा बक कन्व्हर्टर लाव. ०.४ ची नायक्रोम मीटरला साधारण ८.७ ओहम, तुझी ९०० मिमी म्हणजे ७.८. दोन अँपिअरला साडेपंधरा व्होल्ट आणि तीसेक वॅट लागतील. नुसत्या १२ व्होल्टवर दीड अँपिअर जाईल. कापेल, पण बैलगाडीच्या वेगाने.

आणि हे सगळ्यांनाच सांगतो: पंख्याचा रेग्युलेटर ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट तारेला कुणी जोडू नका. करंट मर्यादेत दिसतो, पण उघड्या तारेवर घरातली २३० व्होल्टची लाइन येते.

ताणाबद्दल तारवाल्यांचं निम्मं बरोबर आहे. ९०० ची तार दोनशे अंशांनी तापली की अडीच मिमी वाढते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की एक टॉवर २६० वर आणि दुसरा १४० वर असला की तार तिरकी होऊन तिला आठ मिमी जास्त लांबी लागते. स्क्रूने आवळलेली तार हे आठ मिमी आणणार कुठून? एकतर तुटेल, नाहीतर तुझी ड्रॉवरची चॅनेल आत ओढेल. एका टोकाला लांब, मऊ स्प्रिंग हवी. सायकलच्या स्टँडची लावू नकोस, फार कडक पडते. मी जुन्या मोजटेपची गुंडाळी लावलीय, ती आत असो की बाहेर, ओढ जवळपास सारखीच राहते.

मिरज_तारवाला

काका, स्प्रिंगचं मान्य. पण पोलादी तारेत वाईट काय?

पॅटर्नकाका

वाईट काही नाही, सप्लाय बघून घ्यावी एवढंच. ०.३ ची पोलादी तार मीटरला अडीच ओहमच्या आत-बाहेर, नायक्रोमच्या तुलनेत फारच कमी. १२ व्होल्ट सरळ जोडलेस तर पहिल्या क्षणी पाच अँपिअरच्या घरात जाईल, साध्या अडॅप्टरचा जीव जाईल. पोलाद तापलं की त्याचा रेझिस्टन्सही चांगलाच वाढतो, त्यामुळे आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. नायक्रोमचा जवळपास तिथेच राहतो. नवशिक्याने नायक्रोमवर शिकावं. आणि पोलादी तार लाल केलीस की तिचं पाणी उतरलं, मग ज्या ताणासाठी लावली तोच गेला.

यवतेश्वर_ग्लायडर

साताऱ्याहून. आम्ही कड्यावरच्या वाऱ्यावर ग्लायडर उडवतो, पंख अजून हातानेच कापतो. सनमायकाच्या दोन टेम्प्लेट, ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांना खिळ्यांनी टोचायच्या, धनुष्य धरून दोघांनी कापायचं. टेम्प्लेटवर एक ते दहा खुणा. एकाने "तीन" म्हटलं की दुसऱ्यानेही तीनवरच असायला हवं. घरात भांडण लावायचं असेल तर नवरा-बायकोने मिळून एकदा पंख कापून बघावा.

एखाद-दुसऱ्या विमानासाठी सीएनसी म्हणजे हौसच आहे, पण असो, हौसेला मोल नाही. मुद्दा असा की मशीनलाही त्या खुणा जुळाव्या लागतात. रूट आणि टिपच्या डॅट फाइल (पंखाच्या छेदाच्या बिंदूंच्या याद्या) वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतल्यात का? काही फाइलींत बिंदू ट्रेलिंग एजपासून सुरू होऊन वरून लीडिंग एजला (पुढच्या कडेला) जातात आणि खालून परत येतात. काहींत आधी वरची बाजू लीडिंग एजपासून मागे, मग खालची पुन्हा लीडिंग एजपासून मागे. दोन तऱ्हा मिसळल्या, किंवा लीडिंग एजला दोन्हीकडचे बिंदू एकावेळी आले नाहीत, तर नाकाशी पीळ पडतो. क्लार्क वायला हे लवकर लक्षात येतं, कारण तीस टक्क्यांच्या मागे तिची खालची बाजू सपाट असते. पंख सपाट बाजू खाली करून फरशीवर ठेवून बघ, डुगडुगला तर काहीतरी पिळलंय. टिपला मुद्दाम वॉशआउट (टोकाला ठेवलेला थोडा पीळ) दिला असशील तर गोष्ट वेगळी.

हरिपूरकर_पंख

काका, खरंच तिथे शून्य होतं! आकडे भरले, आज रूट २३९ आणि टिप १५८.५ आली. ड्रॉवरच्या चॅनेलला उगाच शिव्या घालत होतो. डॅट फाइल एकच आहे, टिप लहान करून घेतलीय, त्यामुळे पीळ नाही. फरशीवर बसतो. मोजटेपची गुंडाळी लावली, एसएमपीएस मागवलाय, आला की पट्ट्या कापून कर्फ काढतो. टिपची कड अजून पातळच आहे.

दुसरं असं की थर्माकोलचे वांधे आहेत. २०१८ च्या बंदीनंतर मखराचं थर्माकोल दुकानांतून गेलं, हे शीट एका टीव्हीच्या पॅकिंगमधलं होतं. तासगावला मामांच्या ओळखीत बेदाण्याचं जुनं कोल्ड स्टोरेज मोडतायत. पत्र्याच्या आतले जाड पिवळसर पॅनेल फुकट नेऊ देतायत. दोन वर्षांचे पंख निघतील. कापू का?

पॅटर्नकाका

पिवळसर म्हणजे बहुतेक पफ, पॉलीयुरेथेन. मशीनवर चढवू नकोस. ते वितळत नाही, करपतं. आणि करपताना निघणारा धूर विषारी असतो, त्यात सायनाइडचा वायूही असतो. खात्री करायचीच असेल तर नखाएवढा तुकडा घे, उघड्यावर, वारा तुझ्याकडून तुकड्याकडे जाईल असा उभा राहा आणि लांबून सोल्डरिंग आयर्न टेकव. थर्माकोल आयर्नपासून मागे सरत वितळतं. पफ तिथेच तपकिरी होतं, बोट फिरवलं की भुगा पडतो. वितळला नाही तो फोम हॉट वायरचा नाही. जुन्या कोल्ड स्टोरेजात कधीकधी पांढरं थर्माकोलही भरलेलं असतं. ते कोरडं निघालं तर आण, पाणी पिऊन जड झालेलं आणू नकोस. थर्माकोलचा धूरही काही अत्तर नाही म्हणा, त्यात स्टायरीन असतं. खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने.

टिपची कड कर्फ भरल्यावर सुधारेल, पण शून्य जाडीची कड कुठल्याच तारेने कापली जात नाही. ड्रॉइंगमध्येच मागची कड पुढे छाटून दीड-दोन मिमी जाडीला थांबव आणि तिथे बाल्साची पट्टी चिकटव. आपटल्यावर हीच कड आधी मोडते, लाकूड असलेलं बरं. चिकटवायला फेविकॉल चालेल. फेव्हिक्विक नको, ते थर्माकोल खातं.

आणि पंख काढल्यावर वरचा-खालचा उरलेला भाग फेकू नकोस. तोच पंखाचा साचा. वर बाल्सा किंवा कागद चढवताना पंख त्यात बसवून वजन ठेवायचं, म्हणजे पीळ पडत नाही.

हरिपूरकर_पंख

मामांना नको म्हणून कळवलं. मग शीट घेऊ कुठून आणि कसलं?

पॅटर्नकाका

कुपवाडला पॅकिंगवाल्यांकडे किंवा इन्सुलेशनची कामं करणाऱ्यांकडे विचार. घनता १६ ते २० (घनमीटरला किलो) माग. दुकानदार सगळ्यालाच वीस म्हणेल, म्हणून घरचा काटा घेऊन जा. एक मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिमी जाडीचं शीट १६ च्या घनतेचं असेल तर ४०० ग्रॅम भरतं, २० चं असेल तर ५००. साडेतीनशे भरलं तर ते मखराच्या लायकीचं, तार त्यात दाणे उपटत जाते. घासाघीस काट्यावर ठेवल्यानंतर कर.