कोजागिरीच्या गच्चीसाठी शरदाची गाणी: यादी देतोय, दुरुस्त्या सुचवा

रंकाळा_टॉवर

नमस्कार मंडळी. कोजागिरीला कोल्हापुरात रंकाळ्याजवळ एका गच्चीवर पंचवीसेक माणसं जमणार आहेत, रात्री ९ ते साडेबारा. निम्मी साठीच्या पुढची, बाकी कॉलेजची पोरं आणि त्यांचे आईवडील. एक ब्लूटूथ स्पीकर आहे, यादी फोनवर. सुरुवात अशी लावली आहे:

जय शारदे वागीश्वरी, तोच चंद्रमा नभात, श्रावणात घन निळा, शुक्रतारा मंद वारा, मालवून टाक दीप, चांदण्यात फिरताना, तरुण आहे रात्र अजुनी, शारद सुंदर चंदेरी राती, जाईन विचारित रानफुला.

पुढे आणखी चाळीस, एकूण ४९. साडेतीन तास बरोबर भरतात. पण दहानंतर यादी जड होते, सगळंच संथ. शिवाय शरदाची म्हणून केली तरी ऐकताना नुसती 'जुनी मराठी गाणी' वाटते. काय काढू, काय घालू?

पंचम_स्वर

यादी चांगली आहे, पण त्यात तीन ऋतू मिसळलेत. 'श्रावणात घन निळा' आधी काढा. श्रीनिवास खळेसाहेबांची चाल आणि लताबाईंचा आवाज, त्याबद्दल वादच नाही, पण ते भिजलेलं गाणं आहे. हस्ताचा पाऊस संपून आभाळ धुतल्यासारखं झालेलं असताना ते कानाला उलटं लागतं.

आता 'तोच चंद्रमा नभात'. त्याची पहिलीच ओळ नीट ऐका: 'तीच चैत्रयामिनी'. म्हणजे रात्र चैत्राची, वसंतातली. शब्दांत चंद्र किंवा चांदणं आलं की गाणं शरदाचं, असं धरलं म्हणूनच तुमची यादी सैल पडली आहे. शरदाच्या गाण्यात मोकळी जागा लागते. साथीला वाद्यं कमी, आवाज पुढे, दोन ओळींमध्ये श्वास घेण्याइतकं अंतर. 'चांदण्यात फिरताना' त्या कसोटीला पुरेपूर उतरतं.

क्रम चंद्रावर लावा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, नऊला पूर्वेकडे बराच वर आलेला असतो आणि आपल्याकडे मध्यरात्रीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी जवळजवळ डोक्यावर येतो. दूध तेव्हाच दाखवायचं, म्हणजे पातेल्यात चंद्र सरळ दिसतो. ती वेळ पक्की धरून मागे मोजत या. 'शुक्रतारा' पहिल्या तासात ठेवा. संध्याकाळचा शुक्र रात्री उशिरापर्यंत आकाशात राहत नाही, गाणंही तसंच दिवेलागणीनंतरचं आहे. 'मालवून टाक दीप' पाचव्या क्रमांकावर वाया जातंय. ते सव्वाअकराला लावा आणि त्याच वेळी गच्चीवरची ट्यूबलाइट बंद करा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात, गाणं संपेपर्यंत फरशीवर माणसांच्या सावल्या दिसायला लागतील.

दहानंतरच्या जडपणाचं कारण सांगतो. हृदयनाथांची चाल आणि सुरेश भटांचे शब्द अशी तीन गाणी तुम्ही सलग लावलीत. तिन्ही एकाच तीव्रतेची, कान थकतो. अशा दोन गाण्यांमध्ये दुसऱ्या संगीतकाराची किमान दोन गाणी घाला आणि स्त्री-पुरुष आवाज आलटून पालटून ठेवा.

मध्यरात्रीआधी एक शास्त्रीय तुकडा हवाच. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, जयपूर-अत्रौली गायकी या गावात रुजली, तेव्हा त्या घराण्याचं काहीतरी घ्या. बागेश्री, मालकंस, चंद्रकंस हे रात्रीचे राग. पण चाळीस मिनिटांचा ख्याल नको, पोरं उठून जातील. जुन्या ७८ गतीच्या तबकडीवरचं ध्वनिमुद्रण शोधा. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे सगळा राग दाटून आलेला असतो.

हादग्याची_खिरापत

'तोच चंद्रमा' काढू नका हो! ते गाणारे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, यांचा जन्म कोल्हापूरचा, १९१९ चा. पंचवीस जणांतले वीस जण त्या गाण्याला सूर लावतील. चैत्र असू दे, पण साडेनऊच्या सुमाराला ठेवा, शेवटी नको.

आणि यादीत हादगा कुठं आहे? हस्त नक्षत्र लागलं की आपल्याकडे पाटावर हत्ती काढून पोरी फेर धरतात, रोज एक गाणं वाढवत. आश्विनाचं याहून अस्सल दुसरं गाणं नाही. पण ते स्पीकरवर लावू नका. रेकॉर्ड केलेल्या हादग्यात मागे कीबोर्ड आणि ढोलकी असते, फेराची लय धावते आणि बायकांना त्यात शिरताच येत नाही. त्यापेक्षा यादीत साडेदहाला पंधरा मिनिटं रिकामी सोडा. साठीच्या बायका आहेतच, 'ऐलमा पैलमा' सुरू करायला एक पुरे. 'श्रीकांता कमलकांता'ला पोरं हसत हसत येतात. तुमचा दहानंतरचा जडपणा तिथंच मोडेल.

मंगळवारपेठ_साउंड

गाण्यांचं झालं, आता आवाजाचं बघा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. म्हणजे दहानंतर नियमाने स्पीकर नकोच, लावलाच तर हळू बोलण्याच्या आवाजाहून मोठा नको. कठड्यावर ठेवून बाहेर तोंड करू नका. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लागून, स्टुलावर, तोंड माणसांकडे. भिंतीमुळे खालचे सूर भरतात आणि कमी आवाजातही गाणं पोकळ वाटत नाही. बास वाढवायचं बटण बंदच. साठच्या दशकातली ध्वनिमुद्रणं बहुतेक मोनो, त्यात बास ओढला की तबल्याचा नुसता गुबगुबाट होतो आणि शब्द जातात.

फोनमध्ये गाणी आधी डाउनलोड करा, मग विमान मोड, फक्त ब्लूटूथ चालू. आवाज समान ठेवायचं सेटिंग चालू करा, नाहीतर जुन्या गाण्यानंतर नवं आलं की सगळे दचकतात. क्रॉसफेड शून्यावर. या गाण्यांचा शेवट हळूहळू विरतो, त्यावर पुढचं चढलं की शेवटची ओळ मरते. शफल बंद. ऑटोप्लेसुद्धा बंद, कारण यादी संपली की ॲप मनाने काहीतरी लावतं, आणि ते नेमकं दुधाच्या वेळी.

४९ गाणी खूप झाली. ३२-३३ ठेवा, चार मिनिटांच्या हिशेबाने सव्वादोन तास. बाकी वेळ हादगा, गप्पा आणि शांतता. शेगडी पेटली की बर्नरचा आवाज सतत येतो, त्या तासाभरात आलापाची गाणी नकोत, ठसठशीत शब्दांची घ्या. ऑक्टोबरात दव पडतं, तेव्हा स्पीकरवर जाड कापड टाकू नका, वर छत्री बांधा.

रंकाळा_टॉवर

मनापासून आभार. श्रावण काढला, बाबूजी साडेनऊला, हादग्याला पंधरा मिनिटं. शेगडीच्या तासात 'शारद सुंदर चंदेरी राती' आणि 'ऐरणीच्या देवा' टाकतोय. यादी सगळ्यांना पाठवायची आहे, पण दोघंतिघं वेगळं ॲप वापरतात. लिंक उघडेल का?

मंगळवारपेठ_साउंड

दुसऱ्या ॲपमध्ये ती यादी उघडणार नाही. लिंकबरोबर व्हॉट्सॲपवर साधा मजकूर पाठवा: गाणं, गायक, संगीतकार, लांबी मिनिट-सेकंदांत. लांबी महत्त्वाची, एकाच गाण्याची नव्या गायकांनी गायलेली दहा रूपं सापडतात, मूळ कोणतं ते त्यावरून ओळखता येतं. आदल्या दिवशी यादी एकदा उघडून बघा. हक्क बदलले की गाणी करडी होऊन वाजत नाहीत, त्यासाठी चार जादा गाणी डाउनलोड करून ठेवा.

पंचम_स्वर

त्या चारांत 'चांदणे शिंपीत जाशी' असू द्या. 'ऐरणीच्या देवा' मात्र अकराच्या आत घ्या, भात्याची आणि घणाची ती लय ट्यूबलाइट चालू असतानाच शोभते.