हक्काच्या कामासाठी घातलेल्या खेपा : आपापला अनुभव लिहा

नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये उकळणाऱ्यांना गोव्यात एकामागून एक अटक होत होती. शेजारच्या काकी तेव्हा म्हणाल्या, "पैसे देणाऱ्यांना तरी काय बोलायचं? सरळ वाटेनं मिळेल असं वाटतंय कोणाला?" तेव्हापासून हे मनात घोळतंय. बारा तालुक्यांचं आपलं राज्य, जो तो कोणाच्या तरी ओळखीचा. म्हणून कायद्यानं मिळायची गोष्टही ओळखीनं मिळते, आणि मिळाली की आपणच हात जोडतो.

माझंच सांगतो. वडील गेल्यावर घरपट्टी माझ्या नावावर करायची होती. ठरल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदा आपल्याकडे २०१३ पासून आहे. तरी सात खेपा झाल्या. आठव्या वेळी मेहुण्याचा मित्र सोबत आला आणि वीस मिनिटांत काम झालं. बाहेर आलो तेव्हा आनंद झाला नाही, त्या सात रजा आठवल्या.

तुम्हीही लिहा. कार्यालयाचं आणि माणसांचं नाव नको, बाकी सगळं येऊ द्या.

*

आम्ही मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारे. आजोबांना भाटकारानं माडांची राखण करायला बसवलं, तिथंच आमचं घर झालं. १९७५ चा मुंडकार कायदा आला तेव्हा आई या घरात नवी सून होती. पंचायत हद्दीत घराखालची जमीन धरून ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते, हे तिला तोंडपाठ होतं. शाळा चौथीपर्यंतच शिकली होती, पण कलमं वकिलासारखी सांगायची.

आमचा अर्ज पडून राहिला. तारखेला जावं तर साहेब निवडणुकीच्या कामावर. पुढच्या तारखेला साहेबांची बदली. नवे साहेब आले की सगळं पहिल्यापासून. भाटकाराचे वारस परदेशात, त्यांना नोटीस पोचल्याचा कागद फायलीत नाही म्हणून पुन्हा तारीख. आई पहाटे जेवण करून ठेवायची, बरी साडी नेसायची आणि कदंबच्या, म्हणजे सरकारी, पहिल्या बसनं जायची. घराची मागची चिऱ्याची भिंत एका पावसात बसली. दुरुस्तीला गेलो तर भाटकाराचा ना हरकत दाखला आणा म्हणाले. तो कुठून आणायचा? तिथं अजून निळी ताडपत्री आहे.

आई २०२२ मध्ये गेली. आता तिच्या जागी माझं नाव लावायचंय, आणि त्यालाही तारीख दिलीय.

*

ताई, तुमचं वाचून गप्प बसवलं नाही.

माझा खनिजाचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. न्यायालयाला मी दोष देत नाही. खाणींनी आमच्याच गावातली शेतं मातीखाली घातली, विहिरी आटवल्या, ते मी रोज बघत होतो. पण नूतनीकरण चुकीच्या पद्धतीनं केलं सरकारनं, आणि हप्ते थकले माझे. टायर विकले, मग इंजिन विकलं. सांगाडा फणसाखाली उभा होता, तोही गेल्या वर्षी भंगारात दिला. ज्यांची चूक ठरली त्यांच्यातल्या एकानंही माझ्या दारात येऊन विचारलं नाही.

*

मी टेबलाच्या पलीकडचा. तुम्ही चिडाल, तरी लिहितो. चौघांचं काम आम्ही दोघं करतो. फाईल अडवणारे आहेत, मी रोज पाहतो, आणि मीही वरून फोन आला की तीच फाईल आधी काढलीय. त्याची लाज वाटते. रांगेतला म्हातारा माझ्याकडे बघत असतो.

ताई, एक कराच. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो नसला तर अर्ज आलाच नाही असं म्हणायला जागा राहते. महिना झाला की दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारा, फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर अपील करा, सोडू नका.

*

आमच्या गावातला डोंगर कापला तेव्हा आम्ही हेच केलं. कागद मिळाले, पण तोवर डोंगर अर्धा गेला होता. नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) घातलं, प्रादेशिक आराखड्यातला जमिनीचा झोन बदलायला वाट देणारं; त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च २०२५ मध्ये रद्द केले, तेव्हा गावात खूप बरं वाटलं. कापलेली माती मात्र परत चढत नाही.

*

मुंडकाराची मुलगी पुन्हा लिहितेय. आज गेले होते. पलीकडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे दुसरी प्रत पुढं केली. कारकून म्हणाला, "याची काय गरज?" मी म्हटलं, "आईकडे असा एकही शिक्का नव्हता." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. आवक क्रमांक मिळाला. पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे, पावसाच्या तोंडावर. त्याआधी नवी ताडपत्री घ्यावी लागेल.