जॉर्डन ईजे१५ रेझिन किट: फ्लोअर वाकलाय, पिवळा रंग पांढुरका पडलाय, आधी काय दुरुस्त करू?

एकोणीस_नंबर (कोथरूड)

नमस्कार मंडळी. १/२० स्केलमधलं जॉर्डन ईजे१५ या फॉर्म्युला वन (एफ वन) रेसगाडीचं मॉडेल करायला घेतलंय, २००५ ची, नारायण कार्तिकेयनची १९ नंबर. बॉडी, फ्लोअर, विंग सगळं कास्ट रेझिन, सस्पेन्शन व्हाइट मेटलचं (मऊ मिश्रधातू), बाकी फोटोएच (पातळ पत्र्याचे कोरीव भाग) आणि डेकल (पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर). एका ओळखीच्या हौशी माणसाने कपाट रिकामं करताना दिलं, त्याच्याकडे बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. प्लास्टिकची किट्स मी केलीत पण रेझिन हे पहिलंच.

आता अडचणी. फ्लोअर डब्यातूनच वाकलेला आलाय, मागचा डावा कोपरा वर उचललाय त्यामुळे चाकं नुसती टेकवून बघितली तर तीनच टेकतात. पुढचा उजवा खालचा विशबोन (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) डब्यातच तुटलेला होता, तो फेविक्विकने जोडला की दुसऱ्या दिवशी परत सुटतो. बॉडीला ग्रे प्रायमर मारून वर पिवळा लॅकर एअरब्रशने मारला तर एकतर तो हिरवट दिसतोय आणि त्यात इंजिन कव्हरवर पांढुरकी साय आल्यासारखं झालंय, बाहेर पाऊस चालूच आहे. डेकलचा कागद पण पिवळा पडलाय.

मला ही गाडी सोडायची नाहीये. १९ जून २००५ ला इंडियानापोलिसची रेस रात्री टीव्हीवर बघितलेली, मिशेलिन टायरवाले सगळे फॉर्मेशन लॅपनंतर (रेस सुरू व्हायच्या आधीची फेरी) पिटमध्ये निघून गेले, सहाच गाड्या उरल्या आणि आपला माणूस चौथा आला, पाच पॉइंट. लोक अजून म्हणतात की सहातला चौथा म्हणजे काय मोठं. पण तो तिथे होता, गाडी शेवटपर्यंत नेली, आणि एफ वनमध्ये पॉइंट घेणारा पहिला भारतीय झाला. मला तीच गाडी हवीये. आधी काय हातात घेऊ? रंग पूर्ण काढावा लागेल का?

टूलरूम_चिंचवड

मित्रा, रंगाचं डोक्यातून काढून टाक आत्ता. आधी फ्लोअर. एफ वन गाडीत सगळं फ्लोअरवर बसतं, बॉडी, सस्पेन्शन, बार्जबोर्ड (बाजूच्या हवा वळवणाऱ्या पट्ट्या), मागचा डिफ्यूजर (फ्लोअरखालची हवा बाहेर काढणारा भाग), सगळं. तो वाकडा ठेवून वर कितीही सुंदर रंग दिलास तरी शेल्फवर एक चाक हवेत राहणार आणि तुझी नजर रोज तिथेच जाणार.

ओट्याच्या ग्रॅनाइटचा एखादा तुकडा फरशीवाल्याकडे मिळतो, नाहीतर जाड काच घे, तेच आपलं सरफेस प्लेट, म्हणजे एकदम सपाट पाट. परातीत गरम पाणी घे, साधारण ६०-७० अंश, उकळतं नको, पातळ कडा लगेच वेड्यावाकड्या होतात. फ्लोअर त्यात एखाद मिनिट ठेव, मऊ झाला की ग्रॅनाइटवर पालथा टाकून वर सपाट वजन ठेव आणि तसाच गार होऊ दे. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, अर्धवट गरम असताना उचललास की परत तिथेच जाईल. पाण्यात टाकायच्या आधी भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने नीट घासून घे. साच्यातून सुटावं म्हणून जे रिलीज एजंट लावतात ते रेझिनवर राहिलेलं असतं आणि त्यावर ना गोंद धरत ना प्रायमर.

आता खरी गोष्ट. पातळ रेझिन सरळ केलं तरी आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या गरमीत परत हळूहळू वाकू शकतं. म्हणून त्याला कणा द्यायचा. खऱ्या गाडीच्या पोटाला १९९४ पासून एक फळी असते, ३०० मिमी रुंद, १० मिमी जाड, गाडी किती खाली बसवली ते त्या फळीच्या झिजेवरून तपासतात. १/२० मध्ये ती १५ मिमी रुंद आणि अर्धा मिमी जाड होते. त्या फळीच्या जागेत फ्लोअरला लांबीने बारीक खाच कर, त्यात पितळेची तार ॲरल्डाइटने बसव, आणि वरून फळी चिकटव. बाहेरून काही दिसणार नाही आणि फ्लोअर जागचा हलणार नाही.

विशबोन: टोकाला टोक लावून फेविक्विक कधीच टिकणार नाही. सायनोॲक्रिलेट (फेविक्विक तेच) ओढ चांगली सहन करतं पण झटका आणि वाकण्याचा ताण नाही सहन करत, आणि व्हाइट मेटल मऊ असतं त्यामुळे तो सांधा सतत वाकत राहतो. दोन्ही तुकड्यांत अर्ध्या मिमीचं भोक पाड, मध्ये पितळेची पिन घाल, मग इपॉक्सी, म्हणजे ॲरल्डाइटच. हातड्रिल आणि बारीक ड्रिल रविवार पेठेत सोनारांची हत्यारं विकतात तिथे विचार. घाई करू नकोस, व्हाइट मेटलमध्ये ड्रिल अडकून तुटतं, दर दोन-तीन वळशांनी बाहेर काढून साफ करायचं.

रंगपेटी

काकांशी सहमत, आधी फ्लोअर. पण दादा, रंगाची काळजी मला जास्त वाटतेय, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

हिरवट दिसतोय कारण पिवळ्याचं पिगमेंट झाकायला कमजोर असतं, खालचा ग्रे वर येतो आणि पिवळा अधिक करडा म्हणजे डोळ्याला हिरवाच. जॉर्डनचा पिवळा उबदार आहे. त्याच्याखाली पांढरा हवा, किंवा मी करते तसा पांढऱ्यात चिमूटभर लाल घालून फिकट गुलाबी. गुलाबीवर पिवळा पातळ पातळ थरात चढवला की तो लिंबासारखा न दिसता अंड्यातल्या बलकासारखा दिसतो, आणि खोलगट भागात पांढरट चट्टे राहत नाहीत. आधी चमच्याच्या पाठीवर करून बघा, प्लास्टिकचे चमचे यासाठी सोन्यासारखे आहेत.

पांढुरकी साय म्हणजे ब्लशिंग. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे कोणालाही होतं, मोठमोठ्या पेंटिंगवाल्यांनाही. सावकाश उडणारा थिनर किंवा रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव) घेऊन त्याचा अगदी हलका फवारा मारला की रंग परत ओला होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बऱ्याचदा साय जाते. पुढचे थर मारायच्या आधी बॉडी आणि रंगाची बाटली दोन्ही खोलीच्या तापमानाला आणा, आणि मारून झाल्यावर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. माझ्याकडे जुन्या खोक्यात छोटा बल्ब लावलेला आहे, त्याच्या उबेत सुकतं छान. पण रेझिन बल्बच्या जवळ नको, नाहीतर काकांचं सगळं काम पाण्यात.

तुमच्या बाबतीत मात्र हिरवटपणा खालून येतोय, त्यामुळे मी म्हणेन सगळा रंग काढाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाईल रिपेरिंगवाले वापरतात तेच, तापकीर गल्लीत मिळून जाईल. ॲसिटोन किंवा लॅकर थिनरमध्ये बॉडी बुडवू नका, रेझिन मऊ पडतं आणि पॅनलच्या रेषा जातात.

सहकारनगरवाला

पूर्ण काढायला माझा विरोध. या बॉडीवर बार्जबोर्ड, चिमण्या (गरम हवा सोडणारी छोटी धुराडी), आरशांचे दांडे असं सगळं बारीक काम आहे, अल्कोहोलमध्ये ठेवून ब्रशने घासताना एखादा दांडा गेलाच समजा. आणि ताजा लॅकर निघतो पण खालचा प्रायमर हट्टी असतो, तो अर्धवट निघून डाग डाग होतात. त्यापेक्षा रंग आठवडाभर पक्का होऊ दे, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून सपाट कर, त्यावर सरळ पांढरा मार. एक थर जास्त चढेल पण १/२० ला तो खपून जातो, फक्त पॅनल लाइन परत कोरून घे.

घासताना कायम ओलं घासायचं. रेझिनची कोरडी पूड फुफ्फुसाला वाईट, एन-९५ मास्क लाव आणि घरात लहान मूल असेल तर हे काम गॅलरीतच कर.

एकोणीस_नंबर (कोथरूड)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज फ्लोअर गरम पाण्यात टाकून ग्रॅनाइटवर दाबून ठेवला, आत्ता काढून बघितलं तर चारही कोपरे टेकतायत, खाली कागद सरकत नाही. खूप बरं वाटलं खरंच. पितळेची तार उद्या आणतो. काका, खाच किती खोल करू, फ्लोअर दीड मिमीच जाड आहे.

रंगाचं मी असं ठरवतोय की इंजिन कव्हर सुटा भाग आहे आणि त्यावर नाजूक काही नाही, त्यावरचा पूर्ण काढतो, आणि मुख्य बॉडीवर घासून पांढरा. चालेल ना? आणि डेकलचं कोणी सांगा.

टूलरूम_चिंचवड

दीडमध्ये पाऊण मिमीपेक्षा खोल जाऊ नकोस. तार ०.७ ची घे, वर आलेली गोलाई कानशीने सपाट कर.

रंगपेटी

चालेल, पण दोन्हींवर पांढरा आणि पिवळा एकाच बैठकीत, एकाच मिक्समधून मारा. वेगवेगळ्या दिवशी केलेला पिवळा जुळत नाही.

डेकल: कागद पिवळा पडलाय तर पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हाच्या बाजूला चिकटवून ठेवा, कडक ऊन लागतं त्यामुळे आत्ता नाही, ऑक्टोबरमध्ये. तुमची बॉडी पिवळी आहे म्हणून थोडा पिवळेपणा तिथे लपेल, पण विंगवरचे आणि नाकावरचे पांढरे भाग लपणार नाहीत. त्याआधी शीटच्या कोपऱ्यातला, तुम्हाला न लागणारा एखादा लोगो कापून पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर सगळ्या शीटवर ग्लॉस क्लिअरचा पातळ थर मारा, म्हणजे धरून राहील, फक्त मग प्रत्येक डेकल कडेला लागून कापावं लागतं. आणि इंडियानापोलिसचीच गाडी करायची असेल तर त्या वीकएंडचे फोटो समोर ठेवूनच डेकल लावा, तंबाखूचे लोगो त्या काळात देशादेशाप्रमाणे बदलायचे, किटमध्ये दिलेलं सगळंच त्या रेसला असेल असं नाही.

शेवटचा टू-के क्लिअर (हार्डनर मिसळायचा पारदर्शक थर) मारणार असाल तर आधी दोन-तीन कोरडे धुक्यासारखे थर, मग ओला. एकदम ओला मारला की डेकलच्या कडा गोळा होतात. आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तिथे एन-९५ उपयोगाचा नाही, कार्ट्रिजवाला रेस्पिरेटरच लागतो. तो नसेल तर साधा लॅकर क्लिअर मारा, दोनदा पॉलिश करावं लागेल एवढंच.

सहकारनगरवाला

टायर बघितलेस का? त्या वर्षी ब्रिजस्टोन खाचांचे होते, प्रत्येकावर चार खाचा. जुन्या किटमधलं रबर तेल सोडतं आणि रिमचा रंग खातं, बसवायच्या आधी रिमला आतून क्लिअर मारून घे.